उशिरां उठणारा संगणक

गेल्या श्रावणांत आमच्या घरीं एक अप्रिय प्रसंग घडला. संगणकाची कळ दाबावी, देवापुढें निरांजन लावून परत यावें, तरी पडद्यावर ते ठिपके आपले गोल फिरतच असावयाचे. सूनबाई शाळेंत शिकवितात, त्यांच्या प्रश्नपत्रिका या यंत्रावरच तयार होतात. पुतण्या शेतीचा हिशेब त्यांतच ठेवितो. आणि आमचे थोरले बंधु गेल्या माघांत कैलासवासी झाले, त्यांनीं नातवंडांसाठीं म्हटलेलीं स्तोत्रें व सांगितलेल्या घरच्या जुन्या आठवणी, अशीं बारा ध्वनिमुद्रणें त्याच पेटींत होतीं. अन्यत्र कोठेंही नव्हतीं. अशा यंत्रास जाग येण्यास सात-आठ मिनिटें लागूं लागलीं, तेव्हां आम्हीं फारसा विचार न करितां धाकट्या नातवास दोषी ठरविलें. "तुझ्या खेळांनीं यंत्र बिघडलें," असें चारचौघांत बोललों. पोरानें मुकाट्यानें खेळ काढून टाकले. दुसऱ्या दिवशीं कळ दाबली. यंत्र होतें तसेंच!

कारण असतां कार्य, कारण नसतां कार्य नाहीं, असा अन्वय-व्यतिरेक नैयायिकांनीं सांगितला आहे. खेळ गेले आणि मांद्य राहिलें, म्हणजे व्यतिरेक जुळला नाहीं. आयुष्यभर मुलांस तर्कशुद्ध लिहावयास शिकविणाऱ्या आम्हांस हें आधीं सुचूं नये, याची लाज वाटली.

तालुक्याच्या गांवीं एका दुरुस्ती करणारास विचारलें. त्यानें यंत्र न पाहतांच "फॉरमॅट मारून देतों" म्हणून सांगितलें. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसून पुन्हां श्रीकार घालणें. आम्ही त्यासही तयार झालों होतों, परंतु सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, आधीं मोठ्या मामंजींचा आवाज दुसरीकडे उतरून घेऊं, मग काय तें पाहूं." हें शहाणपण आम्हांस सुचलें नव्हतें. त्याच सायंकाळीं पुतण्यानें बाहेरून जोडावयाची डिस्क आणून नकल करण्यास आरंभ केला. कांहीं ठिकाणीं नकल चांगली चाले, कांहीं ठिकाणीं मिनिटेंच्या मिनिटें अडून बसे. खरें निदान तेथेंच दिसत होतें. तें आम्हांस दोन दिवसांनीं कळलें.

मधल्या दोन दिवसांत घरांत नाना तर्क झाले. आमचें केम कुंकवासाठीं प्रसिद्ध. तेव्हां तांबडी भुकटी यंत्रांत शिरली असावी, असें घरांतून सुचविण्यांत आलें. पेटी उघडून पंखा साफ केला. धूळ पुष्कळ निघाली, पण वेळेंत फरक नाहीं. धुळीनें यंत्र तापतें व काम करितां करितां मंदावतें. केवळ उठतांनाच रेंगाळत असेल तर कारण बहुधा निराळें असतें.

शेवटीं आम्ही घड्याळ घेऊन बसलों. यंत्राच्या उठण्याचे तीन भाग पडतात, आणि विलंब कोणत्या भागांत होतो हें कळलें कीं अर्धें काम झालें. कळ दाबल्यापासून विंडोजची खूण दिसेपर्यंत पहिला भाग. तेथें वेळ लागत असेल तर राहून गेलेला पेन ड्राइव्ह किंवा अन्य जोडणी काढून पाहावी. तारीख-वेळ मागें गेलेली दिसल्यास आंतील बटणासारखी सीआर२०३२ बॅटरी संपलेली असण्याचा संभव फार. आमच्या यंत्रास येथें दहाच सेकंद लागले. खूण दिसल्यापासून पडदा उघडेपर्यंत दुसरा भाग. त्यास चार मिनिटें. पडदा दिसूं लागला तरी कांहींच उघडत नाहीं तो तिसरा. त्यास आणखी तीन.

तिसऱ्याचा उपाय सोपा निघाला. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकदम दाबल्या म्हणजे टास्क मॅनेजर उघडतो. त्यांतील स्टार्टअप या सदरांत, यंत्राबरोबर न बोलावितां उठणाऱ्या कामांची यादी असते. अकरा नांवें निघालीं. त्यांत नातवाचें एक होतें. दोन निरनिराळे अँटीव्हायरस एकमेकांवर पहारा करीत बसले होते, त्यांपैकीं एक काढून टाकला. आणि "संगणकाचा वेग वाढवा" अशी जाहिरात पाहून आम्हींच मोठ्या उत्साहानें घेतलेलें एक साधनही त्या यादींत सर्वांच्या वर होतें! त्यासह सात नांवें बंद केलीं; तीन मिनिटांचें एक झालें.

दुसरा भाग मात्र हलेना. टास्क मॅनेजरमध्यें डिस्कपुढें सारखे १०० टक्के दिसत, आणि पेटींतून बारीक कट् कट् ऐकूं येई. जुनी हार्ड डिस्क ही फिरती तबकडी असते. आमची मिनिटास ५४०० फेरे घेणारी, म्हणजे सेकंदास ९०. वाचणारी सुई हवी त्या जागीं येऊन तबकडी फिरण्याची वाट पाहते, आणि उठतांना अशा लहान लहान हजारों जागा वाचावयाच्या असतात. त्यांतील एखादी जागा झिजली कीं ती पुन्हां पुन्हां वाचून पाहण्यांत वेळ जातो. क्रिस्टलडिस्कइन्फो हें फुकट मिळणारें साधन डिस्कची प्रकृति सांगतें. त्यानें पिवळी खूण दाखविली. डिस्क मरणपंथास लागली होती. अशा डिस्कवर फॉरमॅट मारून तरी काय उपयोग होता? गेलें असतें तें मात्र गेलेंच असतें.

कुर्डुवाडीहून २५६ जीबीची एसएसडी आणविली. तींत फिरणारें कांहीं नसतें, त्यामुळें जागा शोधण्यांत वेळ जात नाहीं. विंडोज नव्यानें घातलें आणि यंत्र अर्ध्या मिनिटांत उठूं लागलें. जातां जातां एक सांगावयाचें: २०१२ च्या विंडोज ८ पासून शट डाऊन केलें तरी यंत्र बहुधा पूर्ण मिटत नाहीं, आपल्या गाभ्याची स्थिति डिस्कवर लिहून ठेवितें. खरोखर नव्यानें आरंभ हवा असेल तर रीस्टार्ट करावें.

नातवास आम्हीं जवळ बोलावून, त्याच चारचौघांच्या देखत, चूक आमची होती असें सांगितलें. त्यानें खेळ परत घातला, एकच घातला.

बारांपैकीं अकरा ध्वनिमुद्रणें पुरतीं उतरलीं. बाराव्यांत बंधु आमच्या मुंजीची हकीकत सांगत आहेत. भिक्षावळीपर्यंत येतात आणि तेथें आवाज तुटतो. ती जुनी डिस्क अद्याप आम्हीं टाकलेली नाहीं. अकरांची एक प्रत आतां पुण्यास मुलीकडे आहे, दुसरी येथें कपाटांत.