पाणी बाहेरचे, सांडपाणीही बाहेरच?

नागपूरच्या पाण्याची चर्चा निघाली की एक युक्तिवाद हमखास होतो : विदर्भ कोरडा, शहर वाढते, तेव्हा बाहेरून पाणी आणल्याशिवाय गत्यंतर नाही, पेंच नदीचे आणले तसे वैनगंगेचेही आणा. यातले तथ्य आधी मान्य करतो. पेंचवरच्या तोतलाडोह आणि नवेगाव खैरी धरणांचे पाणी नसते तर आजचे नागपूर उभे राहिले नसते. पण त्यापुढचा निष्कर्ष मला साफ अमान्य आहे.

मुळात नागपूर कोरडे नाही. येथे वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जुलै 2019 मध्ये याच शहरावर दिवसाआड नळ सोडण्याची पाळी आली आणि 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांच्या पावसाने अंबाझरी ओसंडून घराघरांत पाणी शिरले. अंबाझरी 1870 साली शहराला पाणी पाजण्यासाठीच बांधलेला तलाव. पेंचचे पाणी घरात आले आणि आपले तलाव आपण फिरायला जाण्यापुरते ठेवले.

नदीचे पाणी वाहून वाया जाते, असेही म्हटले जाते; तेही खरे नव्हे. पेंचच्या कालव्यावर पारशिवनी, रामटेक, मौद्याचा धान उभा राहतो. धरणात साठा कमी पडला की पिण्याच्या पाण्याला पहिला मान मिळतो, तो मिळायलाच हवा. पण झळ कालव्याच्या शेवटच्या टोकावरच्या शेतकऱ्याच्या धानाच्या बांधीला बसते. मध्य प्रदेशाने पेंचच्या वरच्या अंगाला चौराई धरणात पाणी अडवले तेव्हा नागपूरकरांनी अन्याय झाल्याची ओरड केली. मौद्याच्या शेतकऱ्याचे नागपूरबद्दलचे गाऱ्हाणे याहून वेगळे काय आहे?

सर्वांत गंभीर प्रश्न वापरून झालेल्या पाण्याचा. लाव्ह्याच्या टेकड्यांत उगम पावणारी नाग नदी शहराचे सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेला, आणि पुढे आहे गोसीखुर्दचा जलाशय. त्याच गोसीखुर्दमधून बुलढाण्याच्या नळगंगेपर्यंत सव्वाचारशे किलोमीटरचा जोडकालवा नेण्याच्या प्रकल्पाला राज्य सरकारने 2024 मध्ये मंजुरी दिली. खर्च 87 हजार कोटींहून अधिक. पश्चिम विदर्भातल्या शेतकऱ्याला पाणी मिळालेच पाहिजे, त्याची तहान खरी आहे. मग त्याच्या कालव्याच्या मुखाशी आपण आपली घाण सोडायची का?

म्हणून माझे म्हणणे असे : घेतलेले पाणी स्वच्छ करून परत दिल्याशिवाय नागपूरने नव्या पाण्यावर हक्क सांगू नये. हे अशक्य नाही, याचा पुरावा शहरातच आहे. भांडेवाडीत दररोज 130 दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करून ते कोराडीच्या वीज केंद्राला देण्याचा प्रकल्प उभा राहिला. वीज केंद्राने सांडपाण्यावर भागवलेला प्रत्येक लिटर पेंचमध्ये उरतो. शुद्ध केलेले सांडपाणी वापरण्याचा हाच नियम शहरातल्या मोठ्या बांधकामांना, उद्यानांना आणि उद्योगांनाही लावावा. तलावांत येणारे ओढे मोकळे करावेत. नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी केंद्राने मंजूर केलेला 1,927 कोटींचा प्रकल्प आधी पूर्ण करावा आणि नव्या पाण्याची मागणी त्यानंतरच करावी. महापालिकेसाठी मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला नागपूरकरांनी नवे पाणी कधी आणणार हे विचारण्याआधी नाग नदी कधी स्वच्छ करणार, ते विचारावे.