मोबाईल फक्त मुलीचाच का काढून घेता?

इंटरनेटने पोरे बिघडवली, असे आमच्या मोहल्ल्यात सर्रास बोलले जाते. जुम्म्याच्या बयानात, लग्नाच्या दस्तरखानावर, पालकसभेत हीच तक्रार. थिएटर, व्हीसीआर, केबल यांच्यावरही एकेकाळी हाच आरोप होता. त्यांचा निकाल लागण्याआधीच नवा आरोपी सापडला.

पोरांच्या वागण्यात फरक पडला, हे आम्ही नाकारत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद पडल्या आणि वर्गच मोबाईलमध्ये भरू लागला. पंधरा-सोळा वर्षांची पोरे रात्र रात्र जागतात, हाक मारली तर ओ देत नाहीत. पण आमचा सवाल असा की, बिघाड सगळ्यांचा असेल तर शिक्षा फक्त पोरींनाच का?

जुलै २०२१ मध्ये आणि पुन्हा १ जानेवारी २०२२ रोजी काय घडले ते आठवा. लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या मुस्लीम स्त्रियांचे फोटो उचलून 'सुल्ली डील्स' आणि 'बुल्ली बाई' या नावांच्या ॲपवर त्यांचा लिलाव मांडला गेला. 'बुल्ली बाई' प्रकरणात अटक झालेल्यांत अवघ्या १८ वर्षांची एक मुलगी आणि एकवीस वर्षांचे विद्यार्थी होते. असा द्वेष मोबाईलच्या खोक्यातून येत नाही. तो घरात, शेजारात, टीव्हीवरच्या चर्चांत तयार मिळतो. इंटरनेटने त्याला चव्हाटा दिला. आणि आमच्या कित्येक बुजुर्गांनी यातून काय धडा घेतला? मुलींनी फोटो टाकूच नयेत! चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा हा न्याय आहे.

आमची पोरेही धुतल्या तांदळासारखी नाहीत. अनोळखी मुलीच्या फोटोखाली 'दुपट्टा कुठे आहे?' असे लिहिणारा मुलगा आमच्याच घरातला असतो. नजर खाली ठेवण्याचा हुकूम कुरआनात आधी पुरुषांना आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. त्याचा मोबाईल शाबूत राहतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) कधी ना कधी इंटरनेट वापरलेले पुरुष सुमारे ५७ टक्के निघाले, स्त्रिया ३३ टक्के. हे आकडे सर्व धर्मांचे आहेत; म्हणजे हे शौर्य एकट्या मुसलमानांचे नाही. पण त्यात समाधान कसले? अकरावीचा प्रवेश २०२५ पासून सबंध राज्यात ऑनलाइन झाला. शिष्यवृत्ती ऑनलाइन, सीईटीचा अर्ज ऑनलाइन. मुलीच्या अर्जाचा ओटीपी भावाच्या मोबाईलवर येतो, भाऊ नाक्यावर असतो आणि इकडे मुदत संपते.

घरात नियम जरूर करा. रात्री दहानंतर सगळ्यांचे मोबाईल एका फळीवर ठेवा, अब्बांचाही. शहानिशा न करता आलेला प्रत्येक मेसेज पुढे ढकलणारे बहुधा तेच असतात. आणि मुलीला कोणी ऑनलाइन छळले तर स्क्रीनशॉट जपून ठेवा, तिच्यासोबत पोलीस ठाण्यात जा, तक्रार नोंदवा. मोबाईल मात्र तिच्याकडेच राहू द्या. तिला अजून फॉर्म भरायचा आहे.