आभाळाच्या माथी किती मारणार?

2022 च्या जुलैत अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीवरचा लेक मीड जलाशय 1930 च्या दशकात भरल्यानंतरच्या नीचांकाला गेला. कड्यांवर जुन्या पाणीपातळीचा पांढरा पट्टा उघडा पडला. तेव्हापासून एक युक्तिवाद ऐकू येतो : हवामान बदलले, त्याला कोलोरॅडोचा पाणीवाटप करार काय करणार?

हवामान बदलले हे खरेच. नदीच्या प्रवाहातली 2000 ते 2014 मधली सुमारे एक तृतीयांश घट निव्वळ उष्णतेमुळे झाली, असे उडाल आणि ओव्हरपेक या संशोधकांनी 2017 साली दाखवले. पण नसलेले पाणी वाटण्याचा उद्योग त्याआधीचा. 1922 च्या करारात वरच्या आणि खालच्या खोऱ्याला वर्षाला प्रत्येकी 75 लाख एकर-फूट, म्हणजे आपल्या हिशेबात सुमारे 327 टीएमसी पाणी लिहून दिले. 1944 मध्ये मेक्सिकोला 65 टीएमसी. बेरीज 719; आणि 2000 नंतर नदीला सरासरी येते 540 च्या आसपास. हिशेबाला धरलेली वर्षे ओली होती. ई. सी. लारू या जलशास्त्रज्ञाने त्याच काळात बजावले होते, पण सोयीचे नसल्याने कुणी मनावर घेतले नाही. (मूळ रहिवासी जमातींची तर करारात एका वाक्यात बोळवण!)

खरी मेख पुढेच आहे. कोणत्याही सलग दहा वर्षांत खाली जाणारा प्रवाह वरच्या राज्यांनी 750 लाख एकर-फुटांखाली आणायचा नाही, असे कलम आहे. आता वरचे म्हणतात, तो आम्ही नाही, उन्हाने घटवला. खालचे म्हणतात, आकडा म्हणजे आकडा. हवामान बदल इथे वकिलाच्या कामाला येतो.

म्हणून वाटा आकड्यात नको, प्रमाणात हवा. 'मग शेतकऱ्याला भरवसा काय?' असे विचारतात. कागदावरच्या पाण्याने कुणाचा चारा भिजला? आपल्याकडे 2014 च्या आदेशाने 15 ऑक्टोबरचे साठे पाहून नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला किती सोडायचे ते ठरवले. कोर्टकज्जे झाले, वरच्या भागातला ऊसही हटला नाही. तरी तूट दोघांनी सोसायची, हे तत्त्व लेखी आले.

कोलोरॅडोचे 2007 चे नियम 2026 अखेर संपतात. मागच्या तीन वर्षांच्या प्रवाहाच्या सरासरीवर वाटप करण्याचा प्रस्ताव 2025 मध्ये चर्चेला आला. तो नाकारणाऱ्या राज्याने निदान दुष्काळाचे नाव पुढे करू नये.