उंबरठ्यावरील द्वारपाल

जुन्या वाड्यांत उंबरठ्याला जें स्थान होतें, तें आजच्या घरांत एका लहानशा पेटीला प्राप्त झालें आहे. टीव्हीशेजारीं किंवा जिन्याखालच्या कोनाड्यांत ठेवलेली, दोन-चार हिरवे दिवे मिणमिणविणारी ही पेटी म्हणजे राउटर. आमच्या संस्कृतज्ञ वाचकांस देहलीदीपन्याय ठाऊकच असेल. उंबरठ्यावर ठेवलेला एकच दिवा घरांतही उजेड पाडतो व अंगणांतही. राउटराची स्थिति हुबेहूब अशीच आहे. त्याचें एक तोंड घरांतील मोबाइलांकडे व संगणकांकडे असतें, तर दुसरें सगळ्या जगाकडे. म्हणूनच ह्या पेटीची किल्ली कोणाच्या हातीं असावी, हा प्रश्न आम्ही केवळ यंत्रशास्त्राचा न मानतां गृहव्यवस्थेचा मानतों, आणि ह्या महिन्यांत त्याविषयींच चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

आमच्या मराठवाड्यांतील घरोघरची स्थिति पाहावी. थोरले बंधु नांदेडास, धाकटे लातुरास, एक मुलगा पुण्यास नोकरीला आणि दुसरा परदेशीं. कुटुंब एक, पण माणसें चार गांवीं. नांदेडच्या घरीं राहिलेल्या वडीलधाऱ्यांचें बँकेचें काम, निवृत्तिवेतनासाठीं दर वर्षीं द्यावयाचा हयातीचा दाखला, डॉक्टरांचा सल्ला आणि नातवंडांचें मुखदर्शन, हें सर्व त्या पेटीच्या मार्गानें चालतें. ती बंद पडली कीं मुलाला फोन जातो. "अरे, नेट गेलंय बघ," असें आई म्हणते. "आई, दिवा कोणत्या रंगाचा आहे तें सांग," असें तो विचारतो. मग आधीं चष्मा आणि नंतर तो दिवा शोधण्यांत अर्धा तास जातो. अशा वेळीं आपण पुण्यास बसूनच नांदेडचा राउटर पाहावा व ताळ्यावर आणावा, असें मुलाला वाटणें अगदीं स्वाभाविक आहे. तशी सोय यंत्रांत असतेही. प्रश्न आहे तो ती कशी व किती करावी हा.

प्रथम दोन शब्दांतला भेद ध्यानांत घ्यावा. निरीक्षण निराळें आणि नियंत्रण निराळें. राउटर चालू आहे कीं बंद, बाहेरून येणारी लाइन शाबूत आहे कीं तुटली, हें पाहणें म्हणजे निरीक्षण. पासवर्ड बदलणें, राउटर बंद करून पुन्हां सुरू करणें, एखाद्या मोबाइलाला मज्जाव करणें, हें नियंत्रण. पहिलें काम पहारेकऱ्याचें, दुसरें कारभाऱ्याचें. पुष्कळ घरांत पहिल्यानेंच भागण्यासारखें असतें, तरी दोन्ही अधिकार एकदम देऊन टाकले जातात.

बहुतेक राउटरांत 'रिमोट मॅनेजमेंट' नांवाची एक कळ असते. एरवीं राउटराच्या व्यवस्थापनाचें पान 192.168.1.1 अथवा 192.168.0.1 अशा पत्त्यावर केवळ घरांतूनच उघडतें. ही कळ चालू केली कीं तें बाहेरूनही उघडूं लागतें. नवख्यास ही सोय फार चांगली वाटते. परंतु तिचा अर्थ मुलासाठीं म्हणून वाड्याचा दिंडीदरवाजा रात्रंदिवस उघडा टाकणें असा होतो. त्या दारापाशीं मुलगा येईल तसा जगांतला कोणीही येईल, आणि त्याला अडविण्यास पासवर्डाखेरीज कांहीं उरणार नाहीं. तो पासवर्डही पुष्कळदां कारखान्यांतून आलेलाच, म्हणजे 'अ‍ॅडमिन' हाच असतो.

हें भय काल्पनिक नव्हे. 2016 सालीं 'मिराई' नांवाचा एक दुष्ट प्रोग्राम जगभर पसरला. जपानी भाषेंत ह्या शब्दाचा अर्थ भविष्यकाळ असा आहे. कारखान्यांतून येणाऱ्या नांवांच्या व पासवर्डांच्या साठाहून अधिक ठरीव जोड्यांतून तो एकामागून एक लावून पाही, आणि जो राउटर किंवा कॅमेरा उघडेल त्याला आपला दास करी. अशा दासांच्या सैन्यानें 21 ऑक्टोबर 2016 रोजीं अमेरिकेंतील डिन नामक कंपनीवर एवढा मारा केला कीं अनेक विख्यात संकेतस्थळें कांहीं तास दिसेनाशीं झालीं. पुढच्याच महिन्यांत जर्मनींत डॉइच टेलिकॉमच्या सुमारें 9 लाख ग्राहकांचे राउटर कोलमडले. तो मारा राउटरांच्या दूरस्थ देखभालीसाठीं राखलेल्या वाटेनेंच आला होता. आपल्या देशांतही जुलै 2017 मध्यें बीएसएनएलच्या ग्राहकांचे हजारों मोडेम अशाच एका प्रोग्रामनें बंद पाडले, आणि मूळचा पासवर्ड बदलावा असें त्या संस्थेस ग्राहकांना सांगावें लागलें. ह्या चोरांनीं कोणाचें घर हेरलें नव्हतें. ज्या घराची किल्ली कुलुपालाच लटकत होती तें त्यांना आपोआप सांपडलें.

मग करावें काय? पहिली गोष्ट, ती कळ बंदच ठेवावी. दुसरी, व्यवस्थापनाचा पासवर्ड बदलावा, तो वायफायच्या पासवर्डाहून निराळा ठेवावा आणि कागदावर लिहून घरच्या कपाटांत ठेवावा. पासवर्ड कागदावर लिहूं नये हा उपदेश कचेरीला ठीक आहे. घरच्या कपाटांतील कागद सातासमुद्रांपलीकडील चोराला दिसत नाहीं, आणि मुलगा दूर असतां आई-वडिलांच्या हातीं आपल्या घराची किल्ली राहते. तिसरी, फर्मवेअर म्हणून जी यंत्राची अंतर्गत आज्ञावली असते, ती वेळोवेळीं नवी करावी.

दुरून येण्याच्या चांगल्या वाटा दोन. पहिली, राउटर बनविणाऱ्या कंपनीच्या अ‍ॅपची. ह्यांत घरचा राउटर स्वतः होऊन कंपनीच्या केंद्राशीं जोडलेला राहतो आणि मुलगा त्या केंद्रामार्फत त्याच्याशीं बोलतो. मात्र किल्ली तिसऱ्याच्या घरीं ठेवली गेली आहे हें विसरूं नये, आणि त्या खात्याला पासवर्डाबरोबर ओटीपीची दुसरी कडी अवश्य लावावी. दुसरी वाट व्हीपीएनची, म्हणजे दोन ठिकाणांमधील खाजगी भुयाराची. वायरगार्ड ही अशी एक पद्धति मार्च 2020 मध्यें लिनक्सच्या गाभ्यांत समाविष्ट झाली, आणि आतां कित्येक राउटरांत ती तयारच मिळते. ज्याच्याजवळ ठरलेली गुप्त किल्ली नाहीं, त्याला ती मुळीं उत्तरच देत नाहीं. मात्र एक अडचण येते. अनेक कंपन्या पुष्कळ घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता देतात. राउटराच्या पानावर दिसणारा बाहेरच्या बाजूचा पत्ता 100.64 ते 100.127 ह्या दरम्यानच्या अंकांनीं आरंभ होत असेल, तर आपलें घर अशा सामायिक पत्त्यावर आहे असें समजावें. अशा घरीं बाहेरून सरळ पोंचतां येत नाहीं. कंपनीकडून स्वतंत्र पत्ता मागून घ्यावा किंवा अ‍ॅपची वाट धरावी.

निरीक्षणाला तीन गोष्टी पुरेत. राउटर जिवंत आहे काय, लाइन शाबूत आहे काय, आणि अनोळखी यंत्र घरांत शिरलें आहे काय. मेलेला पहारेकरी आपल्या मृत्यूची वर्दी देऊं शकत नाहीं; म्हणून राउटरानें दर पांच मिनिटांनीं बाहेरच्या एखाद्या सेवेला आपण चालू असल्याचें कळवावें, आणि तें कळविणें थांबलें कीं त्या सेवेनें मुलाला संदेश धाडावा, अशी योजना असावी. फायबरच्या जोडणींत येणाऱ्या प्रकाशाचें मापही यंत्र दाखवितें. तें साधारणतः उणे 8 ते उणे 27 डीबीएम ह्यांच्या दरम्यान असावें. त्याहून खालीं गेलें तर दोष बाहेरच्या तारेंत असण्याचा संभव अधिक. मग आईला राउटर दहा वेळां बंद-चालू करावयास न लावतां सरळ लाइनमनला बोलवावें. नियंत्रणाविषयीं एकच सूचना : वायफायचा पासवर्ड दुरून बदलला कीं घरांतील सर्व यंत्रें एकदम तुटतात. तेव्हां असें काम घरचें कोणी साध्या फोनवर बोलत असतांनाच करावें.

आतां ज्यासाठीं हा लेख मुख्यतः लिहिला ती गोष्ट. राउटराच्या नोंदींत केवळ यंत्राची प्रकृति दिसत नाहीं. कोणाचा फोन किती वाजेपर्यंत चालू होता हेंही दिसतें, आणि तशी योजना केली असल्यास कोणतीं संकेतस्थळें पाहिलीं त्यांचीं नांवेंही दिसतात. आमच्या परिचयाच्या नांदेडच्या एका घरीं परदेशांतील धाकट्या मुलानें सर्व व्यवस्था उत्तम करून दिली. एके दिवशीं फोनवर तो सहज आईला म्हणाला, "वहिनी रात्रीं दोन-दोन वाजेपर्यंत जागतात का ग? त्यांचा फोन चालू दिसतो." त्याच्या मनांत वाईट कांहीं नव्हतें, पण तो शब्द रात्रीं जेवणाच्या पंगतींत फिरला. वहिनी घरचीं कामें आटोपल्यावर सेट परीक्षेचा अभ्यास करीत होत्या, आणि यश आल्यावांचून कोणास सांगावयाचें नाहीं असें त्यांनीं ठरविलें होतें. ती गोष्ट त्यांना सर्वांसमोर सांगावी लागली. त्या दिवसापासून त्यांनीं घरचें वायफाय सोडलें व स्वतःच्या पैशानें मोबाइलचें रिचार्ज करूं लागल्या. सासऱ्यांनीं मुलाला फोन करून एवढेंच सांगितलें, "राउटर बघ, माणसं बघू नकोस." मुलानें त्याच दिवशीं त्या नोंदी बंद केल्या. वहिनी मात्र अद्याप घरच्या वायफायवर परतलेल्या नाहींत.

24 ऑगस्ट 2017 रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानें एकमतानें ठरविलें कीं खाजगीपणा हा राज्यघटनेनें दिलेला मूलभूत हक्क आहे. 2023 सालीं व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदाही झाला; परंतु एखाद्या व्यक्तीनें स्वतःच्या वा घरगुती कामासाठीं केलेला माहितीचा उपयोग त्या कायद्यानें आपल्या कक्षेबाहेर ठेवला आहे. घरांत कोणी कोणाकडे किती पाहावें ही मर्यादा घालण्याचें काम त्यामुळें वडीलधाऱ्यांकडेच राहिलें आहे. नांदेडचीं मुलें शिक्षणासाठीं लातुरास खोली घेऊन राहतात, आणि आई-वडिलांना त्या खोलींतील राउटर येथून पाहावासा वाटतो, तेथेंही हाच विचार लागू आहे. रात्रीं अकरानंतर इंटरनेट बंद राहील, असें मुलाला समोर बसवून सांगणें हें वळण लावणें झालें. त्याला न सांगतां त्याच्या नोंदी वाचणें ही पाळत झाली, आणि ती उघडकीस आली कीं मुलगा अभ्यास करावयास नव्हे, लपवावयास शिकतो.

आमच्या वाचकांनीं येत्या रविवारीं सर्व मंडळी एकत्र असतां राउटराचें पान एकदां उघडावें. बाहेरची कळ बंद आहे ना, पासवर्ड बदलला आहे ना, हें पाहावें. दुरून कोण पाहतो आणि काय पाहतो, हें घरांतील प्रत्येकास, सुनेस व नातवासही, स्पष्ट सांगावें. ज्या नोंदीचें कारण सर्वांसमोर सांगतां येत नाहीं, ती नोंद बंद करावी.