काठ सुटलेली पाने

सावंतवाडीच्या गंजिफांविषयी बोलताना ‘जतन’ हा शब्द हल्ली फार सैलपणे वापरला जातो, अशी आमची तक्रार आहे. जुना डाव हाती आला की दोन पंथ पुढे सरसावतात. एक म्हणतो, काठ झिजलेत तसेच राहू द्या आणि पाने काचेखाली ठेवा. झीज हेच त्यांचे वय. दुसरा म्हणतो, लाखेचा ताजा हात फिरवा, पाने पुन्हा चकाकू द्या. भांडण मोठे दिसते खरे, पण दोघेही पानाच्या चेहऱ्याकडेच पाहत असतात. हे पान खेळायचे आहे, याचा विसर दोघांनाही सारखाच पडलेला असतो.

पानाचा काठ म्हणजे शोभेची किनार नव्हे. दशावतारी गंजिफा १२० पानांची. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक ते दहा अशी बारा पाने. सर्व पाने गोल, सर्वांची पाठ एकसारखी. या एकसारखेपणावरच खेळ उभा आहे. कापडाचे किंवा कागदाचे थर खळीने चिकटवून, लेप देऊन, घोटून, रंगवून वर लाख चढवलेले हे पान कोकणच्या दमट हवेत काठाशी उकलू लागते. नरसिंहाच्या राजाचा काठ एकदा सुटला की समोरचा गडी त्याला पाठीवरूनही ओळखतो. मग १२० पाने शाबूत असूनही डाव संपलेला असतो.

म्हणून दुरुस्तीची कसोटी आम्ही अशी मानतो : पाने पिसताना सांधलेले पान बोटांना कळता कामा नये. काठावर कागदाची पट्टी चढवणे सोपे आहे. पण पट्टीने जाडी वाढते आणि पान नव्याने ओळखू येते. कृत्रिम गोंद कडक होऊन बसतो, पुढच्या दुरुस्तीला थर सोडवता येत नाहीत. स्पिरिटने पुसायला जावे तर लाखच विरघळते. त्यापेक्षा पावसाळा सरल्यावर, कोरड्या दिवसांत, सुटलेल्या थरांमध्ये बारीक कुंचल्याने चिंचोक्याची खळ जेमतेम सारावी, रंगाला ओल लागू देऊ नये, बाहेर आलेली खळ लगेच टिपावी आणि पान सपाट फळ्यांमध्ये दाबून सावकाश वाळू द्यावे. यात दिखाऊ काहीच नाही. म्हणूनच बहुधा हे काम कोणी करीत नाही.

‘पण गंजिफा आता खेळतो कोण?’ हा आक्षेप आम्हाला ठाऊक आहे. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७०च्या दशकात राजवाड्यात कारागीर बसवले, म्हणून ही कला मरता मरता वाचली. त्या कामाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. परंतु कला वाचणे आणि खेळ वाचणे या दोन गोष्टी एक नव्हेत. दिवसा रामाच्या राजाने आणि रात्री कृष्णाच्या राजाने डाव उघडायचा, हे काचेतले पान कोणाला शिकवणार? खेळणारे नाहीत म्हणून काठ सांधायचे नाहीत, आणि काठ सुटलेले म्हणून खेळायचे नाही, असा हा सोयीचा फेरा आहे.

साहित्याच्या अभ्यासकांना तो परका वाटू नये. जुन्या ग्रंथांचे आपण याहून वेगळे काय करतो? पाठभेद ताडून एक भ्रष्ट ओळ सुधारणे कंटाळवाणे, म्हणून ते टाळतो आणि विवेचनाची लाख मात्र जाड चढवतो. ग्रंथ गौरवला जातो, वाचला जात नाही.

आमची मागणी साधी आहे. जुना डाव चौकटीत घालण्याआधी पाने मोजा, सुटलेले काठ सांधा, आणि जाणत्या गड्यांना बसवून एक डाव खेळवा. पान ओळखू आले, तर दुरुस्ती अजून झालेली नाही.