पोराला शिबिराला जाऊ द्या

जयसिंगपूरच्या कॉलेजांत नांदणी, उदगाव, दानोळी, कुरुंदवाड अशा गावांतली बरीच पोरं-पोरी शिकतात. हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराचे संमतिपत्र सहीसाठी घरी येते आणि घरोघरी एकच बोलणे ऐकू येते. "ऊस तोडीला आलाय आन् सात दिवस घर सोडून जातोस? कॉलेजात शिकाय घातलंय, का दुसऱ्याच्या गावची गटारं काढाय?"

शेतकरी बंधूंनो, तुमचा हा सवाल अगदीच चुकीचा नाही. पण सही नाकारण्याआधी दोन गोष्टी ध्यानात घ्या.

गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ही योजना ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तेव्हा चाळीस हजार विद्यार्थी तिच्यात होते. दोन वर्षांत २४० तास समाजाचे काम करायचे आणि सात दिवस एखाद्या गावात मुक्काम करायचा, असा तिचा नेम. या सात दिवसांत पोरगं पहाटे उठतं, पन्नास जणांच्या जेवणाचा हिशेब लिहितं, अनोळखी घरात जाऊन विचारपूस करतं. उद्या सोसायटीच्या सभेत किंवा तहसील कचेरीत चार माणसांपुढे बोलायचे, तर ते धाडस पुस्तक पाठ करून येत नाही.

खेळाचेही तेच. गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले, तेव्हा तिथले प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. कुस्ती म्हणजे अभ्यासाची खोटी, असे खर्डेकरांनी धरले असते तर?

आता गावकारभाऱ्यांना दोन शब्द. शिबिर म्हणजे उद्घाटनाचा नारळ, हार, फोटो आणि चार दिवस गटारसफाई, ही रीत आपणच पाडली. गटार काढणे हे पंचायतीचे बारमाही काम आहे. शिकलेली पन्नास पोरं सात दिवस हाताशी असताना त्यांच्याकडून दुसरे काही करून घेता येत नाही काय?

आपला शिरोळ तालुका नद्यांचा. २००५, २०१९ आणि २०२१ साली महापुराने काय केले, ते सांगायला नको. पाणी कोणत्या गल्लीत, कोणत्या भिंतीवर कुठपर्यंत चढले, हे जुन्या माणसांना विचारून पोरांनी रंगाने खुणा कराव्यात आणि वहीत नोंदवावे. कोणत्या घरात म्हातारे माणूस एकटे राहते, कोणाकडे नाव आहे, जनावरे कुठे हलवायची, याची यादी करावी. पूर आला की हीच यादी कामाला येते.

दुसरे दुखणे क्षारपडीचे. विज्ञान शाखेची पोरं शेतात 'व्ही' आकाराचा खड्डा घेऊन, सात-आठ ठिकाणची माती मिसळून अर्धा किलोचा नमुना नीट काढू शकतात. प्रयोगशाळेच्या अहवालात सामू साडेआठच्या वर म्हणजे जमीन चोपणाकडे झुकली आणि क्षारता चारच्या वर म्हणजे क्षार वाढले, एवढे त्यांनी गावाला समजावून सांगितले तरी पुष्कळ झाले. कुठल्या रानात निचऱ्याची चर आधी काढायची, हे त्यावरून ठरवता येईल.

मात्र गावानेही आपली बाजू सांभाळली पाहिजे. मुलींच्या मुक्कामाची सुरक्षित सोय आणि संडास-न्हाणीची व्यवस्था आधी करावी. ती नसते म्हणून आईबाप मुलींना पाठवत नाहीत, आणि त्यांचे चुकते असे आम्हांस वाटत नाही. शिबिर संपले की पोरांचा अहवाल ग्रामसभेत वाचून घ्यावा. कपाटात पडलेली वही कुणाच्या उपयोगाची?

नव्या शैक्षणिक धोरणात अशा उपक्रमांना श्रेयांकही आहेत. पण गुणांसाठी पाठवू नका. उसाची तोड चार दिवस सांभाळून घेता येईल. विशीतलं पोरगं मात्र पुन्हा विशीत येत नाही. सही करा आणि परत आल्यावर विचारा, "त्या गावात काय बघितलंस? आपल्या गावात काय करता येईल?"