भांडवलाचा हमीभाव

समुद्रपूर तालुक्यातील शेतकरी सोयाबीन घेऊन हिंगणघाटच्या बाजारात जातो, तेव्हा हमीभाव म्हणजे काय हे त्याला पुरते उमगते. २०२४-२५ च्या हंगामासाठी सरकारने सोयाबीनला क्विंटलमागे ४,८९२ रुपये जाहीर केले. पण विदर्भातील खुल्या बाजारात भाव त्याच्या बराच खाली राहिला. सरकारी खरेदीकडे वळावे, तर ओलाव्याची १२ टक्क्यांची अट आडवी आली. ती १५ टक्क्यांपर्यंत सैल झाली तोवर नोव्हेंबर अर्धा सरला होता आणि गरजवंतांनी माल विकून टाकला होता. भाव पडला की तोटा कोणाचा, हे या तालुक्यात कोणाला विचारावे लागत नाही.

हाच प्रश्न मुंबई-बंगळूरच्या स्टार्टअप कंपन्यांबाबत विचारला, तर उत्तर निराळे मिळते. अमेरिकेत व्याजदर जवळजवळ शून्य होते, तोवर परदेशी भांडवल भारतीय स्टार्टअपांकडे लोटत होते. मार्च २०२२ पासून ते दर चढू लागले आणि जुलै २०२३ पर्यंत सव्वापाच टक्क्यांच्या वर गेले. बेन या सल्लागार संस्थेच्या हिशेबानुसार २०२१ साली अशा कंपन्यांत सुमारे ३८ अब्ज डॉलर आले होते. २०२३ साली ते १० अब्जांच्याही खाली घसरले.

मुंबईच्या फार्मईझी या औषधविक्री कंपनीची कथा बोलकी आहे. २०२१ साली तिचे मूल्य पाच अब्ज डॉलरांहून अधिक धरले गेले. त्याच वर्षी तिने नवी मुंबईच्या थायरोकेअरचे ६६ टक्के शेअर ४,५४६ कोटी रुपयांना घेतले. पुढे कर्ज डोईजड झाले, शेअर बाजारात उतरण्याचा बेत २०२२ साली सोडावा लागला आणि २०२३ साली आधीच्या किमतीपेक्षा सुमारे ९० टक्के कमी दराने शेअर विकून पैसा उभारावा लागला.

घटलेल्या मूल्यावर भांडवल घेणे हा गुन्हा नव्हे. कंपनीला टाळे लागण्यापेक्षा फुगवलेला आकडा सोडून देणे केव्हाही शहाणपणाचे. प्रश्न आहे तो तोट्याच्या वाटणीचा. या व्यवसायातील गुंतवणूकदार सहसा अग्रहक्काचे शेअर घेतात. कंपनी विकली गेली, तर आधी त्यांची रक्कम परत करायची, असे करारातच लिहिलेले असते. पुढच्या फेरीत दर घसरला, तर त्यांच्या वाट्याला येणाऱ्या शेअरांची संख्या वाढवून देणारे कलमही पुष्कळदा असते. अत्यंत कडक करारात पन्नास रुपयांचा शेअर पाचावर आला, तर एका शेअरचे दहा होतात. जोखमीचे बक्षीस म्हणून नफा मागणाऱ्या भांडवलाने जोखमीपासूनच असे संरक्षण घेतलेले असते. हा भांडवलाचा हमीभाव. आणि त्याला ओलाव्याची अट नाही.

हे वाढीव शेअर कोणाच्या वाट्यातून येतात? संस्थापकांच्या, आणि त्यांच्याबरोबर कर्मचाऱ्यांच्या. कमी पगार पत्करून, उद्या शेअर मिळतील या आशेवर रात्री जागवणाऱ्या तरुणाच्या करारात असे कलम नसते. त्याच्या शेअरांची किंमत कागदापुरती उरते आणि काटकसर सुरू झाली की नोकरीवर गदा येते ती त्याच्याच. घरोघरी माल पोचवणाऱ्या मजुराला तर शेअरही नसतात.

हा खाजगी व्यवहार आहे, सरकारचा त्यात काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण या क्षेत्रात जनतेचाही पैसा आहे. २०१६ साली केंद्र सरकारने स्टार्टअपांसाठी १०,००० कोटींचा निधी जाहीर केला. तो सिडबीमार्फत गुंतवणूक निधींना दिला जातो. २०२५ च्या अर्थसंकल्पात आणखी १०,००० कोटींची घोषणा झाली. हा पैसा ज्या कंपन्यांत जातो, तेथे दोन अटी घालणे सरकारला अशक्य नाही : दर घसरल्यास गुंतवणूकदाराला जे संरक्षण, तेच कर्मचाऱ्यांच्या शेअरांना मिळावे, आणि कंपनी विकली गेल्यास अग्रहक्काच्या परतफेडीआधी थकलेले सर्व पगार चुकते व्हावेत.

कार्यकर्त्यांनी ही मागणी हमीभावाच्या कायदेशीर हक्काच्या मागणीशी जोडून मांडली पाहिजे. हमीभावाने बाजार बिघडतो, असा उपदेश शेतकऱ्याला नेहमी ऐकवला जातो. भांडवलाने तो स्वतःच्या करारात केव्हाच लिहून घेतला आहे आणि त्याने बाजार बिघडल्याची तक्रार अद्याप कोणी केलेली नाही.